ए.आर.टी. केंद्रात हाडांचंही विचारा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सप्रेम नमस्कार.

१ एप्रिल २००४ रोजी सरकारने एचआयव्हीची औषधं, म्हणजे ए.आर.टी., मोफत द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे जे.जे. रुग्णालय पहिल्या केंद्रांपैकी एक. तेव्हा तिशी-पस्तिशीत गोळ्या सुरू केलेल्या आम्ही बायका आता पन्नाशीच्या पुढे आहोत. एवढं जगू असं आमच्या घरच्यांनाही वाटलं नव्हतं. त्याबद्दल सरकारचे आभार मनापासून आहेत. तक्रार आहे ती त्यापुढची.

केंद्रावर गेलं की वजन होतं. खोकला, ताप, रात्रीचा घाम, वजन घटणं हे टीबीचे चार प्रश्न ठरलेले. रक्तात विषाणू किती ते बघणारा व्हायरल लोड होतो, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन होतं. पण ‘कधी पडलात का, हाड मोडलं का, पाळी कधी गेली’ असं मला आजवर कोणी विचारलेलं नाही. कंबर दुखते म्हटलं की पेनकिलर मिळते. वय झालं, असंही वर ऐकवतात.

एचआयव्ही असलेल्यांची हाडं लवकर ठिसूळ होतात, हे डॉक्टर मंडळींना नवीन नाही. विषाणूमुळे शरीरात सतत दाह राहतो, त्यात हाड झिजतं. औषध सुरू केल्यावर पहिल्या एक-दोन वर्षांत हाडांची घनता साधारण २ ते ६ टक्क्यांनी उतरते. गोळीत टेनोफोव्हिर हे एचआयव्हीचं औषध असेल तर जास्त. नंतर बहुतेकांची घट थांबते. काहींच्या मूत्रपिंडातून मात्र हाडांना लागणारं फॉस्फेट वाहून जातं आणि हाडं मऊ पडतात. आज बहुतेकांना मिळणाऱ्या टीएलडी गोळीत (टेनोफोव्हिर, लॅमिव्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिर ही तीन औषधं एकत्र) हेच टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅम आहे. हे वाचून कोणी गोळी बंद करू नका, हात जोडून सांगते. गोळी सोडली तर हाडांआधी जीव जाईल.

बाईच्या बाबतीत पाळी गेली की हाडांची झीज आणखी वेगाने होते. त्यात पोटाला धड नाही, उन्हात राबूनही ‘ड’ जीवनसत्त्व कमी, आणि नवरा आधीच गेलेला. अशी बाई मोरीत घसरली आणि खुबा मोडला, तर तिला उचलून दवाखान्यात न्यायचं कोणी? ऑपरेशनची वेळ आली की काही ठिकाणी रिपोर्ट बघून ‘मोठ्या दवाखान्यात न्या’ म्हणतात. २०१७च्या एचआयव्ही कायद्याने असं उपचार नाकारणं बेकायदा आहे. पण मोडलेल्या खुब्यानिशी कायदा दाखवायला कोण उभं राहणार?

यासाठी मोठी योजना मागत नाही. हाडांची घनता मोजणारं डेक्सा मशीन तर प्रत्येक केंद्रावर नकोच. फ्रॅक्स नावाचा हिशेब आहे. वय, उंची, वजन, आधीचं फ्रॅक्चर, विडी-सिगारेट, दारू, स्टिरॉइड अशा प्रश्नांवरून पुढच्या दहा वर्षांत हाड मोडण्याचा धोका किती, ते कळतं. मशीन लागत नाही. समुपदेशक ताई पाच मिनिटांत करतील. त्यात धोका दिसला, किंवा पन्नाशीपुढचा पुरुष आणि पाळी गेलेली बाई असेल, तर डेक्सा तपासणीसाठी पुढे पाठवावं आणि ती तपासणी मोफत असावी. ज्यांची हाडं किंवा मूत्रपिंड खरंच बिघडलं आहे, त्यांच्यासाठी टेनोफोव्हिरचा हाडांना कमी त्रास देणारा प्रकार, टीएएफ, किंवा दुसरं औषध देण्याचा विचार तज्ज्ञांनी करावा. राष्ट्रीय एड्स कार्यक्रम केंद्र सरकारचा आहे, हे ठाऊक आहे. पण तिथे राज्याचा शब्द आपणच टाकू शकता.

आणखी एक गोष्ट, जिला पैसाही लागत नाही. हाडांसाठी कॅल्शियम आणि अशक्तपणासाठी लोहाच्या गोळ्या बाहेरचे डॉक्टर सर्रास देतात. रिकाम्या पोटी त्या टीएलडीबरोबर घेतल्या तर त्यातलं डोल्युटेग्राव्हिर अंगात नीट शोषलं जात नाही. एकतर जेवणाबरोबर दोन्ही घ्यायच्या, नाहीतर टीएलडी दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. हे मराठीत छापून प्रत्येक केंद्राच्या औषध खिडकीवर लावा. बाहेरच्या डॉक्टरला आम्ही आजार सांगत नाही, त्यामुळे तो आम्हाला हे सांगणार नाही.

तीन-तीन महिन्यांची औषधं एकदम मिळतात, ती सोय चांगलीच. पण त्यामुळे केंद्रावर येणं कमी झालं आहे, तेव्हा वर्षातून एक भेट तरी हाडांच्या नावाने राखून ठेवा. परिपत्रक निघालं की त्याची प्रत सिव्हिलच्या हाडांच्या विभागालाही जाऊ द्या. आम्हाला परत पाठवतात ते तिथूनच.

आपली,
सातारा जिल्ह्यातील एक रुग्ण

(नाव लिहिलेलं नाही. ते गुप्त ठेवण्याचा हक्क त्याच २०१७च्या कायद्याने दिला आहे.)