निळे पोहे

सातारा

प्रिय मन्या,

तुझं पत्र मिळालं. चिऊ सकाळी बशीतलं नुसतं चिवडत बसते आणि वहिनी रडकुंडीला येतात, हे वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. तिला रंगीत न्याहारी करून दे. म्हणजे तू करू नकोस, तिलाच करू दे.

सुरुवात निळ्या पोह्यांपासून कर. निळा गोकर्ण कुंपणावर चढलेला असतो ना, त्याची दहा-पंधरा फुलं घे. हिरवे देठ काढ आणि वाटीभर कढत पाण्यात टाक. थोड्या वेळात पाणी शाईसारखं निळं होतं. जाड पोहे धुऊन घे आणि हे पाणी गार झालं की त्यात भिजव. फोडणी नेहमीचीच: मोहरी, मिरची, कढीपत्ता, कांदा, दाणे. फक्त हळद नको, नाहीतर पिवळं-निळं मिळून सगळं हिरवट होतं. फुलाला चव जवळजवळ नसतेच, त्यामुळे पोहे पोह्यांसारखेच लागतात.

आता खरी मजा. लिंबाची फोड चिऊच्या हातात दे. रस पडेल तिथे निळ्याचं जांभळं होतं! फुलातलं अँथोसायनिन नावाचं रंगद्रव्य आंबट लागलं की रंग बदलतं. आमची ओवी लिंबानं पोह्यांवर स्वतःचं नाव काढायला बघते. पोहे भलतेच आंबट होतात, पण बशी चाटूनपुसून साफ! मलेशियात केलांतानकडे याच फुलांनी भात निळा करतात, नासी केराबू म्हणतात त्याला.

पालकाचं उलटं. आंबट त्याला सोसत नाही. इडलीच्या आंबलेल्या पिठात घातला की शेवाळी, मळकट रंग येतो. म्हणून पालक घावनात घाल. पानं उकळत्या पाण्यातून मिनिटभर काढून लगेच गार पाण्यात टाक, मग वाटून तांदळाच्या पिठात कालव. पातळ घावन पटकन होतं, हिरवा शाबूत राहतो. बिटाला मात्र आंबट पीठच मानवतं, तेव्हा गुलाबी इडल्या त्याच्या. गाजर किसून फोडणीच्या तेलात परत, केशरी रंग तेलातच उतरतो.

बाटलीतला रंग आणू नकोस, मन्या. तो कशातही घाल, जसाच्या तसा राहतो, पोरांना बघायला काही उरतच नाही. आणि बीट लपवून घालू नकोस. चिऊसमोर किस, जमलं तर तिलाच किसू दे, हात लाल होऊ देत. गपचूप घातलेली भाजी एकदा सापडली की पोरं पुढच्या प्रत्येक घासाकडे संशयानं बघतात.

पाकिटात गोकर्णाच्या बिया घातल्यात. टणक असतात, रात्रभर भिजवून कुंडीत लाव, उन्हात ठेव. वेलाला चढायला दोरी मात्र लागते, लगेच बांध. वहिनींना नमस्कार, चिऊला गोड पापा. पोहे कसे झाले ते तिलाच लिहायला सांग.

तुझा,
दिल्या