विषय : बदलीचं सामान वेळेवर न पोहोचणं, चुकीची बिल्टी (मालवाहतुकीची पावती) आणि "तुम्हाला सवयच असते" हे उत्तर

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

आत्ताच तुमच्या ग्राहक सेवेचा फोन ठेवला. "सामान पोहोचलेलं दिसतंय, म्हणून तक्रार बंद केली आहे," असं सांगण्यात आलं. कोणी बंद केली, मला न विचारता कशी बंद केली, याला उत्तर नाही. म्हणून हे पत्र. यापुढे मी फोन करणार नाही, जे काही असेल ते लेखी.

मिस्टर लष्करात सुभेदार आहेत, त्यांच्या बदलीचं सामान तुमच्याकडे दिलं होतं, देवळाली ते अंबाला. बुकिंगचा क्रमांक, भरलेल्या पैशांची पावती आणि तुमच्या नाशिक शाखेने दिलेलं कोटेशन सोबत जोडलं आहे. फौजी कुटुंबांसाठीचं तुमचं पॅकेज आम्ही घेतलं होतं. त्यात काय काय येतं ते तुम्हाला मी सांगायला नको, तुम्हीच ते विकता. मी फक्त दोन गोष्टींची आठवण करून देते, कारण त्या दोन गोष्टींसाठीच आम्ही जास्तीचे पैसे मोजले: स्वतंत्र ट्रक, आणि मुलांच्या शाळेची पेटी सर्वांत आधी उतरवून देण्याची हमी.

सामान २९ मार्चला चढलं. कोटेशनवर तुमच्या माणसाच्या सहीने लिहिलं आहे : पोहोच ३ एप्रिल, सकाळी. ही तारीख आम्ही हवेतून काढली नव्हती. मुलांचे निकाल मार्चअखेरीला लागतात, त्याशिवाय टीसी मिळत नाही. टीसी हातात आल्यावरच निघता येतं. क्वार्टरच्या मार्च आउटची, म्हणजे सरकारी घर परत देण्याची, तारीख एमईएसकडून (लष्कराच्या बांधकाम खात्याकडून) ठरते, त्या दिवशी घर रिकामं करून किल्ल्या द्याव्याच लागतात. मिस्टरांना नवीन युनिटमध्ये हजर व्हायचा दिवस मूव्हमेंट ऑर्डरवर छापलेला असतो. रेल्वेचं रिझर्व्हेशन त्याप्रमाणे. आणि एप्रिलमध्ये शाळेचं नवीन वर्ष सुरू होतं. या सगळ्या तारखा एकमेकींत अडकलेल्या असतात. एक सरकली की पुढच्या सगळ्या कोसळतात. हे तुम्हाला माहीत नाही असं मी मानत नाही, कारण तुमच्या माहितीपत्रकात मोठ्या अक्षरात हेच लिहिलं आहे आणि याच भीतीवर तुम्ही ते पॅकेज खपवता.

सामान आलं १२ एप्रिलला. तेही पूर्ण नाही.

आता शाळेच्या पेटीबद्दल. काळी लोखंडी पेटी, पांढऱ्या रंगात मिस्टरांचा नंबर, रँक आणि नाव, खाली जुन्या स्टेशनांची नावं रंगाने पुसून वर "अंबाला" लिहिलेलं. चारही बाजूंना लाल पट्टी चिकटवून त्यावर "शाळा, आधी उतरवणे" असं मी मार्करने लिहिलं होतं. झाकणाच्या आतून मुलीने आतल्या वस्तूंची यादी चिकटवली होती. दहावीची एनसीईआरटीची नवी पुस्तकं, तिच्या गणिताच्या आणि विज्ञानाच्या नववीच्या वह्या, धाकट्याची सहावीची पुस्तकं, दोघांचे गणवेश, बूट, दप्तरं. कागदपत्रं आम्ही आमच्याजवळ ठेवली होती, ती कोणत्याही कंपनीच्या भरवशावर कोणी सोडत नाही. पण दोन मुलांची दप्तरं, बूट आणि वर्षभराची पुस्तकं रेल्वेतून डोक्यावर घेऊन जाता येत नाहीत. त्यासाठीच ही सोय तुम्ही ठेवली आहे आणि त्यासाठीच तिचे वेगळे पैसे घेता.

ही पेटी सगळ्यात शेवटी उतरली. ट्रकच्या अगदी आतल्या भिंतीला, दुसऱ्या कोणाच्या तरी फ्रीजखाली दाबलेली. कडी तुटलेली, तळ ओला. दुसऱ्या कोणाच्या तरी, हे पुन्हा वाचा. स्वतंत्र ट्रकमध्ये दुसऱ्याचा फ्रीज आला कुठून?

आला इंदूरहून. तुमच्या ॲपवर ट्रक ग्वाल्हेरच्या अलीकडे धावताना दिसत होता. त्याच वेळी ड्रायव्हर मला फोनवर सांगत होता की माल इंदूरच्या गोदामात उतरवला आहे, "लोड पूर्ण झाला की निघेल". म्हणजे आमचा ट्रक निम्म्या वाटेत रिकामा केला, सामान गोदामात पडलं, दुसऱ्या गिऱ्हाइकांचं सामान जमेपर्यंत थांबलं, मग वेगळ्या ट्रकमध्ये भरलं. हे आम्हाला कोणी कळवलं नाही. ड्रायव्हर बोलला म्हणून समजलं.

ट्रक बदलल्याचं न कळवल्यामुळे काय झालं तेही ऐका. कॅन्टोन्मेंटच्या गेटवर ट्रकचा नंबर आणि ड्रायव्हरचं आधार कार्ड आधी द्यावं लागतं, त्यावर पास बनतो. मिस्टरांनी जुन्या ट्रकचा पास बनवून ठेवला होता. १२ तारखेला भलत्याच नंबरचा ट्रक आणि भलताच ड्रायव्हर गेटवर उभा. संत्री सोडणार नाहीच, त्याने सोडूही नये. मिस्टर ड्यूटीवर होते. मी मुलांना घेऊन गेटवर उन्हात उभी राहिले, नवीन पास होईपर्यंत. तेवढ्यात तुमच्या हमालांनी सांगितलं की उशीर झाला, आता वेटिंगचे पैसे द्या नाहीतर सामान गेटवरच उतरवतो. मी पैसे दिले. त्याची पावती द्यायला त्यांनी नकार दिला. ते पैसे मला परत हवे आहेत.

पण मला सर्वांत जास्त लागलं ते वेगळंच आहे. ७ एप्रिलला दुपारी तुमच्या पर्यवेक्षकांशी माझं बोलणं झालं. तुमच्याकडे कॉल रेकॉर्ड होतात असं फोन लावला की आधी ऐकवलं जातं. तर ते रेकॉर्डिंग काढा आणि कोणीतरी मोठ्या पदावरच्या माणसाने बसून ऐका.

मी विचारलं, सामान नेमकं कधी येणार. ते म्हणाले, "मॅडम, इतक्या लांबच्या शिफ्टिंगमध्ये दोन-चार दिवस इकडेतिकडे होतातच."

मी म्हटलं, दोन-चार दिवस केव्हाच उलटले, मुलीची दहावी आहे, शाळा सुरू झाली आहे, तिची पुस्तकं तुमच्याकडे आहेत.

ते म्हणाले, "एप्रिल आहे मॅडम. आत्ता कुठे शिकवायला लागतात? चार दिवस मुलांना घरी ठेवा. त्यांनाही बरं वाटेल."

मी म्हटलं, घरी कुठे ठेवू? घरात एमईएसच्या खाटा आहेत, त्यावर गादी नाही. गॅस आहे, भांडी नाहीत. शेजारच्या ताईंच्या घरून डबा येतोय. आणि शाळेत पाठवायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं नाही.

तेव्हा ते हसले. खरंच हसले. आणि म्हणाले, "मॅडम, तुम्हा आर्मीवाल्यांना तर सवयच असते ना याची."

मी गप्प बसले कारण मला काय बोलावं ते सुचेना. त्यांना वाटलं मी शांत झाले. मग त्यांनी आवाज अगदी गोड करून सांगितलं, "असं करू, पुढच्या बदलीला तुम्हाला दहा टक्के सूट देतो. तुमची बदली तर होतच राहणार."

बुकिंग क्रमांक शोधायला मुलगी शेजारी बसली होती, फोन स्पीकरवर होता. तिने सगळं ऐकलं. ती म्हणाली, "आई, ठेव तो फोन." मी ठेवला.

सवय असते म्हणजे काय असते, ते मी सांगते. दर दोन-तीन वर्षांनी माझी मुलं नव्या वर्गात शेवटच्या बाकावर बसतात. मैत्रिणींचे वाढदिवस फोनवर साजरे करतात. जुन्या शाळेत जो धडा अर्धा राहिला तो नव्या शाळेत होऊन गेलेला असतो, तो स्वतःच वाचून काढतात. वडील फील्डला, म्हणजे कुटुंब नेता येत नाही अशा पोस्टिंगवर, असतात तेव्हा शाळेच्या फॉर्मपासून गॅसच्या ट्रान्सफरपर्यंत सगळं आम्ही बायका करतो. हो, सवय आहे. त्या सवयीमुळेच आम्ही तारखा पाळतो, याद्या बनवतो, पेट्यांवर नंबर टाकतो. तुम्ही वेळ पाळायची नाही अशी सूट त्या सवयीतून मिळत नाही. सवय आहे म्हणून पैसे कमी घेतलेत का?

मुलांच्या शाळेची सोय आमच्यासाठी देशाने फार आधी केली आहे. १९६३ साली वीस रेजिमेंटल शाळा ताब्यात घेऊन केंद्रीय विद्यालयं सुरू झाली, ती आमच्यासारख्या बदलीवाल्यांच्या मुलांच्या शिक्षणात खंड पडू नये म्हणून. एका केव्हीचा टीसी दुसऱ्या केव्हीत चालतो. अभ्यासक्रम तोच, पुस्तकं तीच, गणवेशसुद्धा देशभर तोच. देवळालीत घातलेला शर्ट अंबाल्याच्या वर्गात चालतो. मूल आलं की दुसऱ्या दिवशी वर्गात बसावं इतका विचार त्यामागे आहे. आणि तो शर्ट तुमच्या इंदूरच्या गोदामात पडून होता. माझी मुलं नव्या शाळेत पहिल्या दिवशी घरच्या कपड्यांत गेली, प्रार्थनेला रांगेत वेगळी उभी राहिली. नव्या शाळेत नवीन मूल आधीच वेगळं दिसतं, त्याला आणखी वेगळं दाखवायची गरज नव्हती. गणवेश पुन्हा विकत घ्यावे लागले, त्याची बिलं जोडली आहेत.

दहावीत शाळा बदलणं किती नाजूक असतं तेही तुम्हाला ठाऊक असायला हवं. सीबीएसईची नोंदणी नववीतच होते. दहावीत थेट प्रवेश सहजासहजी मिळत नाही, वडिलांच्या बदलीचा आदेश, नववीची गुणपत्रिका आणि टीसी लावून बोर्डाची परवानगी घ्यावी लागते. ते सगळं आम्ही वेळेत केलं. शाळेने, युनिटने, बोर्डाने आपापलं काम केलं. तुम्ही नाही केलं. ओल्या पेटीत तिच्या गणिताच्या वह्यांची पानं एकमेकांना चिकटली आहेत. शाई पसरली आहे. फोटो जोडले आहेत. पुस्तकं पुन्हा मिळतील, तिने वर्षभर सोडवलेली गणितं कुठून आणू?

आता बिल्टी. तुमच्या माणसाने अंबाल्यात दिलेल्या बिल्टीवर ट्रकचा नंबर जुना, निघाल्याची तारीख इंदूरची आणि वजनाच्या रकान्यात काहीच नाही. या बिल्टीवर मिस्टरांचा सामानाच्या वाहतूक खर्चाचा क्लेम युनिटच्या क्लार्कने परत केला, आणि त्याचं बरोबर आहे. सुभेदार म्हणजे पगाराची लेव्हल ७, सामानाची मर्यादा ६००० किलो, वजन लिहिलेलंच नसेल तर हिशोब कशावर करायचा? बेसिकच्या ८० टक्के बदली अनुदान वेगळं मिळतं, ते प्रवासाच्या आणि मांडामांडीच्या खर्चातच जातं. वाहतुकीचे पैसे बिल्टीशिवाय मिळत नाहीत. क्लेम द्यायला प्रवास संपल्यापासून ६० दिवस असतात. दुरुस्त बिल्टी मी मागितली तर "सिस्टीममधून एकदा निघाली की बदलत नाही" असं उत्तर आलं. म्हणजे तुमच्या चुकीचा भुर्दंड आम्ही आमच्या पगारातून भरायचा. सिस्टीम तुमची आहे. ती बदलणं तुमचं काम आहे.

मुलाची सायकल अजून आलेली नाही. सामानाच्या यादीत ती आहे, तुमच्या माणसाची सही आहे. "शोधतोय" एवढंच ऐकू येतं. आणि पुन्हा सांगते, स्वतंत्र ट्रकचे पैसे घेऊन सामान दुसऱ्यांच्या सामानात घातलं. त्या फरकाची रक्कम मला परत हवी.

हे पत्र कॅरेज बाय रोड कायदा, २००७ च्या कलम १६ खालची लेखी नोटीस समजा. बुकिंगपासून १८० दिवसांच्या आत द्यायची असते, ती मी दिली. समाधान झालं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तक्रार मी जिथे राहते तिथल्या जिल्हा आयोगात दाखल करता येते. म्हणजे अंबाल्यात. तुम्हाला नाशिकहून इथे यावं लागेल. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी लागत नाही, त्यामुळे खर्चाच्या भीतीने मी गप्प बसेन असं समजू नका. १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला आजच नोंद करते आहे. या महिन्याच्या फौजींच्या बायकांच्या वेल्फेअर मीटिंगमध्ये ज्यांची पोस्टिंग आली आहे त्या सगळ्या बहिणींना मी हे कोटेशन, ती बिल्टी आणि वह्यांचे फोटो दाखवणार आहे. तुमचं नाव मला देवळालीत अशाच एका ताईंनी सुचवलं होतं. त्यांच्या वेळी सामान ठरल्या दिवशी आलं होतं. त्यांच्या शब्दावर आम्ही आलो होतो, तुमच्या जाहिरातीवर नाही. तो विश्वास तुम्ही घालवलात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

वजन, खरा ट्रक नंबर आणि २९ मार्चची तारीख असलेली बिल्टी सर्वांत आधी पाठवा, क्लेमचे दिवस चालले आहेत. सायकल द्या किंवा तिची किंमत द्या. गेटवर घेतलेले पैसे, स्वतंत्र ट्रकचा फरक, गणवेश आणि पुस्तकांचा खर्च बिलांप्रमाणे द्या. आणि ७ एप्रिलला जे बोलले त्यांनी माझी नाही, माझ्या मुलीची लेखी माफी मागावी. दहा टक्क्यांची सूट नको. पुढच्या बदलीला तुम्ही आमच्या दारात नसाल.

एक ग्राहक, सुभेदाराची पत्नी
अंबाला छावणी

सोबत : कोटेशन, पावती, बिल्टीची प्रत, सामानाची यादी, पेटीचे आणि वह्यांचे फोटो, गणवेशाची बिलं