नवी कॉइल हवेत नको, जांभ्यात तपासा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मेटल डिटेक्टरला मूळ कॉइल (जमिनीवरून फिरवायची तारेच्या वेढ्यांची चकती) काढून दुसऱ्या कंपनीची कॉइल लावली की सोने ‘तीस टक्के जास्त खोल’ सापडते, असे सांगणारे व्हिडिओ सध्या मोबाइलवर सर्रास फिरत आहेत. गोव्यात किनाऱ्यावर हरवलेली अंगठी शोधून देणारे हौशी लोक आहेत. आपले खडक धारवाडच्या कुळातले, म्हणून सोन्याच्या कणाची ओढ असलेलेही आहेत. कॉइलची किंमत हजारांत जाते, आणि ती बहुतेक वेळा टेबलावर नाणे धरून, हवेत फिरवून पसंत केली जाते. ही चाचणी गोव्याच्या मातीत जवळजवळ निरुपयोगी आहे. ती का निरुपयोगी आहे आणि तिच्याऐवजी काय करावे, हे वाचकांपुढे यावे म्हणून हे पत्र.

आधी तीस टक्क्यांचा हिशेब पाहू. कॉइलचे चुंबकीय क्षेत्र खाली जाताना झपाट्याने विरते, आणि धातूच्या कणातून परत येणारा सिग्नल तसाच पुन्हा विरतो. खूप खोलीवर हे नुकसान अंतराच्या सहाव्या घाताने होते, कॉइलच्या आकाराएवढ्या खोलीच्या आसपास त्याहून थोडे कमी. 11 इंची गोल कॉइलखाली 30 सेंटिमीटरवर जेमतेम ऐकू येणारा कण 39 सेंटिमीटरवर नेला, तर त्याचा सिग्नल पावणेचार पटींहून जास्त क्षीण होतो. नुसता 33 वर नेला तरी दीडपटीपेक्षा जास्त. म्हणजे त्याच आकाराच्या, त्याच जातीच्या कॉइलने तीस टक्के खोली द्यायची तर तिला जवळजवळ चौपट काम करावे लागेल. चांगली गुंडाळणी, कमी कपॅसिटन्स (वेढ्यांमध्ये विद्युतभार साठणे), नीट शील्डिंग (बाहेरचा विद्युत परिणाम अडवणारे आवरण) यांनी फरक पडतो, पण तो दोन-चार सेंटिमीटरचा. तोही मोलाचा आहे, फक्त तो मोजायला काळजी लागते.

आकार वाढवला की खोली मिळते, हेही अर्धेच खरे. मोठी कॉइल मोठ्या तुकड्यासाठी खोल जाते, पण वर पडलेल्या बारीक कणावर उलट कमजोर पडते, आणि स्वतःखालची जास्त माती ‘ऐकते’. जांभ्यात नेमका इथेच घोटाळा होतो. जांभ्याच्या लाल मातीत लोहाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म चुंबकीय कण असतात. पल्स इंडक्शन यंत्राचा (म्हणजे चुंबकीय ठोके देऊन धातू शोधणाऱ्या डिटेक्टरचा) ठोका थांबल्यावरही ते लगेच शांत होत नाहीत, धातूसारखाच मागे रेंगाळणारा प्रतिसाद देतात. ग्राउंड बॅलन्स, म्हणजे यंत्राला मातीशी जुळवून घेण्याची सोय, त्यातला बराच भाग वजा करतो, पण दर दोन पावलांवर माती बदलली की उरलेला आवाज थ्रेशोल्डवर, म्हणजे यंत्राच्या सततच्या मंद गुणगुणीवर, चढतो. हवेत 40 सेंटिमीटर देणारी मोनो कॉइल (एकाच वेटोळ्याने सिग्नल पाठवणारी आणि घेणारी) अशा जमिनीवर 25 ला अडखळते, आणि हवेत मागे पडणारी डीडी (एकमेकांवर चढलेल्या दोन ‘डी’ आकाराच्या वेटोळ्यांची) शांतपणे पुढे जाते, ते यामुळे. डिचोली, सांगे, केपे, सत्तरी भागात रस्त्याकडेला सांडलेल्या खनिज मातीवर तर हा फरक पहिल्या फेरीतच कळतो.

कॉइल हातात आल्यावर आधी घरी पाहण्यासारख्या गोष्टी. मल्टिमीटरने प्लगच्या पिनांवर रेझिस्टन्स मोजा. पल्स इंडक्शनच्या अनेक कॉइल्सचा आकडा एक ओहमच्या आत असतो आणि मीटरच्या वायरींचाच 0.2-0.3 ओहम असतो, म्हणून दोन्ही टोके एकमेकांना टेकवून आलेला आकडा वजा करायचा. एलसीआर मीटर मिळाला तर त्यावर इंडक्टन्सही (प्रवाहातल्या बदलाला कॉइलचा विरोध) मोजा. पल्स इंडक्शनमध्ये तो साधारण 300 मायक्रोहेन्रीच्या आसपास असतो, पण खरी तुलना आपल्याच यंत्राच्या मूळ कॉइलशी. तो फार कमी निघाला तर ट्रान्समीटरमधून जादा प्रवाह वाहतो आणि मॉस्फेट (ठोके चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) तापतो. अशी कॉइल यंत्राला लावूच नका. मग यंत्र सुरू करून, धातूपासून दूर धरून, कॉइलच्या कडेवर बोटाच्या पेराने टकटक करा. थ्रेशोल्ड उडता कामा नये. उडत असेल तर आतली तार एपॉक्सीत नीट बसलेली नाही. ओला तळवा कॉइलवर ठेवून पाहा: आवाज बदलला तर शील्डिंग अपुरे आहे, आणि पावसाळ्यातल्या ओल्या गवतात ती कॉइल छळेल. शेवटी केबल प्लगजवळ हलकेच वाकवा. तिथली सैल जोडणी ही सर्वांत जास्त आढळणारी खोड.

तपासणीसाठी सोनेच हवे असे नाही. मासेमारीच्या जाळ्याची शिशाची वजने बाजारात मिळतात, त्यांचे 0.3, 1 आणि 5 ग्रॅमचे तुकडे कापून हातोड्याने ठोकून एकसंध करा. दुमडलेले शिसे तसेच ठेवले तर फटीमुळे सिग्नल कमी येतो. सोन्याची घनता 19.3, शिशाची 11.3, त्यामुळे तेवढ्याच आकाराचा सोन्याचा कण सुमारे 1.7 पट जड असतो, हे नोंदीत लक्षात ठेवा. किनाऱ्यासाठी मात्र खरी अंगठी वापरा. सोन्याच्या बारीक साखळीवर कॉइलची परीक्षा घेऊ नका. साखळीची प्रत्येक कडी स्वतंत्र छोटे वेटोळे असते, म्हणून चांगल्या कॉइललाही बहुधा फक्त फासा ऐकू येतो.

खड्डा खणून तुकडा पुरला की माती सैल होते आणि निकाल फसवा येतो. गोव्यात याला सोपा उपाय आहे: चिरेखाण. चिरे काढून उरलेला उभा कडा हा न हललेल्या जांभ्याचा कापच असतो. मालकाच्या परवानगीने, बंद खाणीच्या कोरड्या आणि उंचीला कमी कड्यात वरच्या सपाटीपासून 10, 15, 20, 25, 30 आणि 35 सेंटिमीटर खाली, एकमेकांपासून मीटरभर अंतरावर, हॅमर ड्रिलने 25 मिलिमीटर जाडीची आडवी भोके पाडा. प्रत्येक भोक कड्यात आडवे निदान 50 सेंटिमीटर आत जायला हवे, म्हणजे कड्याच्या मोकळ्या बाजूचा परिणाम कमी होतो. ड्रिलचे लांब बिट भाड्याने मिळते. तुकडा बांबूच्या कांबीच्या टोकाला कागदी टेपने चिकटवून आत सारा. भोकात लोखंडाचा भुसा उरला नाही ना, हे आधी रिकाम्या भोकावर कॉइल फिरवून पाहा. पावसात या खाणी पाण्याने भरतात आणि कडे ढासळतात. हे काम नोव्हेंबर ते मेमध्येच करा.

आता खरी परीक्षा. दोन माणसे लागतात. खाली थांबलेला नाणे उडवतो: छापा आला तर तुकडा आत, काटा आला तर रिकामी कांब आत. आवाजावरून कळू नये म्हणून दोन्ही वेळा कांब सारखीच सरकवायची. वर कॉइल फिरवणाऱ्याला कडा दिसता कामा नये. त्याने फक्त ‘आहे’ किंवा ‘नाही’ म्हणायचे. एका खोलीवर 20 वेळा. निव्वळ अंदाजाने 20 पैकी 15 किंवा जास्त उत्तरे बरोबर येण्याची शक्यता शंभरात दोन, म्हणून 15 ही किमान रेषा धरा. ज्या सर्वांत खोल भोकावर कॉइल ही रेषा गाठते, ती तिची खोली. चुकीचे ‘आहे’ वेगळे मोजा, कारण प्रत्यक्षात त्यांपैकी प्रत्येकासाठी एक खड्डा खणावा लागणार असतो. कॉइल्सचा क्रम जुनी, नवी, नवी, जुनी असा ठेवा. नाहीतर दुपारचे ऊन, दमलेला हात आणि सरावलेला कान यांचे श्रेय नव्या कॉइलला जाते.

प्रत्येक बदलानंतर कॉइल वर-खाली करून ग्राउंड बॅलन्स पुन्हा घ्या आणि नॉइज कॅन्सल (आसपासचा विद्युत गोंगाट टाळण्याची सोय) पुन्हा चालवा. गेन, म्हणजे यंत्राची संवेदनशीलता, दोन्हींसाठी तोच न ठेवता, प्रत्येक कॉइल जिथे जेमतेम शांत राहते तिथे ठेवायचा. सारख्या गेनवर गोंगाटी कॉइलवरही अन्याय होतो आणि शांत कॉइलवरही. जमिनीपासून उंची 2 सेंटिमीटर, एक फेरी तीन-चार सेकंदांची. 11 इंची डीडीची 14 इंची मोनोशी तुलना करून अमुक कंपनी सरस, असा निष्कर्ष काढू नका. तुलना जाती आणि आकाराची झाली, कंपनीची नव्हे. माइनलॅब या डिटेक्टर कंपनीच्या यंत्रांसाठी नगेट फाइंडर, कॉइलटेक या ऑस्ट्रेलियन कंपन्या कॉइल्स बनवतात. त्यांतही गोल, लंबगोल, मोनो, डीडी अशा जाती आहेत, आणि फरक बहुतेक जातीचाच असतो.

निकाल बिघडवणाऱ्या क्षुल्लक गोष्टी बऱ्याच आहेत. कमरेचा कोयता, टाचेत खिळे असलेले बूट, खिशातला मोबाइल. वरून जाणारी 11 केव्हीची विजेची तार. कॉइलखालच्या कव्हरमध्ये साचलेला लाल चिखल ही मात्र आपल्याकडची खास डोकेदुखी: त्यातल्या लोहकणांमुळे कॉइल हलताना सतत कुरकुरते आणि दोष नव्या कॉइलला लागतो. दर तासाने कव्हर काढून धुवा.

किनाऱ्यावर निकष वेगळे. तिथे लोहापेक्षा खाऱ्या पाण्याची विद्युतवाहकता नडते, आणि काळ्या वाळूच्या पट्ट्यात दोन्ही. जांभ्यात जिंकलेली कॉइल ओल्या वाळूत हरू शकते, म्हणून भरतीच्या रेषेच्या वर आणि खाली वेगवेगळ्या नोंदी घ्या. मोरजी, आगोंद, गालजीबाग येथे समुद्री कासवे अंडी घालतात. तिथे खणू नका.

कायद्याबद्दल थोडे. 1957 च्या खाण व खनिज कायद्यानुसार परवान्याशिवाय सोन्याचे पूर्वेक्षण करता येत नाही, आणि जुने गोवेसारख्या संरक्षित स्मारकांच्या क्षेत्रात परवानगीशिवाय खोदकाम 1958 च्या कायद्याने मना आहे. वरची चाचणी स्वतःच्या किंवा परवानगी घेतलेल्या जागेत, आपणच ठेवलेल्या तुकड्यांवर करायची आहे. विक्रेत्याकडून पक्के बिल घ्या, दिलेला खोलीचा दावा त्यावर लिहून मागा आणि निदान सात दिवसांची परतीची मुदत ठरवून घ्या. दावा लिहून द्यायला तो तयार नसेल, तर पैसे देण्याआधी त्यालाच चिरेखाणीवर बोलवा.

आपले,
डिचोली तालुक्यातील काही वाचक