सहा महिने ते तीन वर्षांच्या बालकांना अंगणवाडीत ताजे शिजवलेले अन्न द्यावे

महोदय,

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी, तर २५.६ टक्के बालके उंचीच्या मानाने कमी वजनाची आढळली. त्याआधीच्या फेरीतही चित्र जवळजवळ हेच होते. अंगणवाडीचे जाळे राज्यभर पसरलेले असताना हे आकडे जागचे हलत नाहीत, याची कारणे अनेक आहेत. परंतु पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाडा या आदिवासी भागात अंगणवाड्यांचे पर्यवेक्षण केल्यावर त्यांतील एक कारण मला फार स्पष्ट दिसते, आणि ते दूर करणे आपल्या हातात आहे.

तीन ते सहा वर्षांची मुले अंगणवाडीत येतात आणि तेथेच गरम आहार घेतात. सहा महिने ते तीन वर्षे या वयाच्या बालकांना मात्र ‘घरपोच आहार’ मिळतो, म्हणजे कधी तयार मिश्रणाची पाकिटे, तर कधी कच्चे धान्य. वास्तविक मूल खुजे होते ते मुख्यतः याच वयात. नऊ महिन्यांनंतर बाळाला आईच्या दुधाबरोबर दिवसातून तीन-चार वेळा मऊ, दाट अन्न भरवावे लागते, कारण त्याचे पोट लहान असते आणि एका वेळी ते चार-सहा घासच खाते. पाकीट घरात पोहोचले म्हणजे ते बाळाच्या पोटात पोहोचले, असे आपण धरून चालतो. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत आई भल्या पहाटे शेतावर जाते आणि बाळ सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर राहते. ती बिचारी पाण्यात पीठ कालवून दोन चमचे भरवते, बाळ तोंड फिरवते, आणि उरलेले घरातील सगळी मुले वाटून खातात. यात आईचा किंवा त्या मुलीचा दोष काढणे मला अन्यायाचे वाटते. आयांना आहाराची माहिती नसते, हे वाक्य बैठकांमध्ये सर्रास ऐकू येते. प्रत्यक्षात नागलीच्या (नाचणीच्या) पेजेत तेल घालावे, वरईच्या भातावर उडदाचे किंवा कुळथाचे दाट वरण द्यावे, हे पाड्यावरच्या बायका जाणतात. त्यांच्याजवळ नसतो तो दुपारचा वेळ, आणि पुष्कळदा डाळ व तेलही.

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेमुळे आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचे चौरस जेवण मिळते, बालकांना अंडी-केळी मिळतात. ही योजना चांगली आहे, हे मी अनुभवाने सांगते. मात्र बाळ सहा महिन्यांचे झाले की आईचे जेवण बंद होते आणि नेमके तेव्हाच बाळाचे वरचे अन्न सुरू व्हायचे असते. पुढे बाळाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला, म्हणजे ते तीव्र कुपोषित ठरले, की यंत्रणा धावते आणि ग्राम बाल विकास केंद्रात त्याला दिवसातून अनेक वेळा खाऊ घातले जाते. तेथे त्याचे वजन वाढतेही. मग हेच भरवणे मूल खंगण्याआधी का सुरू करू नये?

छत्तीसगडमधील सरगुजा जिल्ह्यात सुरू झालेल्या ‘फुलवारी’ केंद्रांनी हे करून दाखवले आहे. तेथे पाड्यातील माता आळीपाळीने तीन वर्षांखालील मुले सांभाळतात आणि त्यांना ताजे शिजवून खाऊ घालतात. आपल्याकडेही केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवण्याची सोय आहे, आणि पेसा क्षेत्रातील, म्हणजे ग्रामसभांना विशेष अधिकार देणारा पेसा कायदा लागू असलेल्या आदिवासी भागातील, ग्रामपंचायतींकडे आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के अबंध (गावाने गरजेनुसार वापरायचा) निधी थेट येतो. अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नकोत, तो गावसमाज, बचत गट आणि महिला मंडळांमार्फत द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २००४ रोजीच स्पष्ट केले होते. बचत गटाने गावातलीच नागली, तूर, अंडी घेतली, तर त्यातला पैसाही त्याच कुटुंबांकडे जाईल.

खर्चाचा प्रश्न आहेच. बालकामागे दिवसाला आठ रुपये हा दर २०१७ साली ठरला. पाड्यावरच्या दुकानात त्यात आज एक अंडे जेमतेम येते. राज्याने आपला वाटा वाढवल्याशिवाय कोणताही बचत गट हे काम फार काळ टिकवू शकणार नाही. शिवाय ही जबाबदारी आजच्याच सेविका आणि मदतनीस यांच्यावर लादू नये. नोंदी, वजन-उंची, गृहभेटी यांतच त्यांचा दिवस संपतो, म्हणून पाळणाघरासाठी पाड्यातीलच एका स्त्रीला स्वतंत्र मानधनावर नेमावे.

दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, त्यामुळे भट्टीच्या जागीही ही सोय लागेल. त्याचा विचार स्थलांतराच्या गावांशी बोलून वेगळा करावा लागेल. परंतु आवणीच्या काळात सारी कुटुंबे गावातच असतात. पालघर जिल्हा परिषदेने निदान जव्हार, मोखाडा आणि विक्रमगड तालुक्यांतील पाड्यांवर येत्या आवणीपूर्वी अशी पाळणाघरे सुरू करावीत, आणि त्यासाठीची तरतूद याच अर्थसंकल्पात करावी, अशी माझी विनंती आहे.

— एक निवृत्त पर्यवेक्षिका, जव्हार (जि. पालघर)