तालुक्याचा तपशीलवार नकाशा छापून द्या : महसूल मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. महसूल मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : प्रत्येक तालुक्याचा तपशीलवार छापील नकाशा तहसील कचेरीत विकत मिळण्याबाबत.

महोदय,

सप्रेम नमस्कार.

सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांमध्ये मी पाणलोटाचं काम करतो. डोंगरउतारावर पाणी मुरवणारे सलग समतल चर, बांधबंदिस्ती, ओढ्यावरचे छोटे बंधारे, झऱ्यांची राखण. यातलं कुठलंही काम हाती घ्यायचं तर आधी नकाशा लागतो आणि आम्ही नेमके तिथंच अडतो. शिवार, चढउतार, ओढे, वाड्या आणि पायवाटा एकाच कागदावर दाखवणारा नकाशा मला आजवर कुठल्याही सरकारी खिडकीवर विकत मिळालेला नाही.

आपल्या खात्याकडे गाव नकाशा आहे, आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. इंग्रजी अमदानीत 33 फुटी साखळी ओढत मोजणीदारांनी एकेक शेत मोजलं. गुंठ्याचं मापही त्याच साखळीचं, 33 फूट गुणिले 33 फूट. त्या नकाशावरची तुटक दुबार रेषा म्हणजे गाडीरस्ता, 16.5 ते 21 फूट रुंद; तुटक एकेरी रेषा म्हणजे पायमार्ग, 8.25 फूट. 16.5 फूट म्हणजे अर्धी साखळी आणि 8.25 फूट म्हणजे पाव साखळी. पाणंदीवरून भांडणारी भावकी आजही त्या रेषेपाशी येऊन थांबते, तहसीलदारही तिच्याच आधारानं निकाल देतात. पण या नकाशात उंची नाही. टेकडी कुठं सुरू होते, पाणी कुठल्या अंगानं उतरतं, काही कळत नाही. शिवाय तो गावाच्या शिवेपाशी संपतो. पाणी शीव पाळत नाही. वरच्या गावात चर खोदले तर खालच्या गावाच्या विहिरीला पाणी येतं, आणि या दोन गावांचे नकाशे शेजारी ठेवले तर कडा जुळेलच असं नाही.

उंची हवी असेल तर भारतीय सर्वेक्षण विभागाची टोपोशीट, म्हणजे जमिनीचा चढउतार दाखवणारा नकाशा. 1:50,000 प्रमाण, म्हणजे जमिनीवरचा 1 किलोमीटर कागदावर 2 सेंटिमीटर. दर 20 मीटर उंचीला एक कंटूर, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेषा. एका शीटमध्ये आपल्याकडे साधारण 700 चौरस किलोमीटरचा मुलूख मावतो. बघत राहावं असं काम आहे ते. पण त्यावर गट नंबर नाहीत, पाणंदी जवळजवळ नाहीत. माझ्याकडच्या शीटवर वाड्यांची नावं रोमन लिपीत आहेत आणि जुन्या पाहणीनंतर वसलेल्या वस्त्या त्यात आलेल्याच नाहीत. पाणलोटाच्या हद्दी भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे, उपग्रहाची चित्रं नागपूरच्या सुदूर संवेदन केंद्राकडे, जंगलाच्या कंपार्टमेंटच्या (क्रमांक दिलेल्या भागांच्या) हद्दी वन विभागाकडे. माहिती सरकारकडे आहे, लोकांच्या पैशातून गोळा झालेली आहे. ती एका कागदावर आणायचं काम मात्र कुणाच्याच वाट्याला आलेलं नाही.

महाभूनकाशा संकेतस्थळावर सगळं आहे, असं उत्तर मला एका कचेरीत मिळालं. संकेतस्थळ उपयोगाचं आहे, मी रोज वापरतो. एका गटाच्या हद्दी बघायला ते पुरेसं आहे. पण शिवार फेरीला तीस-चाळीस माणसं निघतात, त्यात म्हातारी माणसं असतात, खोऱ्यात रेंज नसते. फोनच्या पडद्याभोवती तीन डोकी जमतात, बाकीचे मागं उभे. तेच मोठा कागद देवळाच्या ओट्यावर पसरला, चार कोपऱ्यांवर दगड ठेवले, की जी बाई आयुष्यभर त्या डोंगरात गुरं घेऊन फिरली ती बोट ठेवून सांगते, इथं मे महिन्यातही पाणी असतं. तिची ही माहिती कुठल्याही उपग्रहाला दिसत नाही. पेन्सिलीनं खूण तिथंच होते आणि ती खूण सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत झालेली असते, म्हणून पुढं तिच्यावर वाद होत नाही. वनहक्क कायद्याखाली सामूहिक दावा करणाऱ्या ग्रामसभांनाही असाच कागद लागतो.

19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. बचाव पथकं पावसात, चिखलातून पायी चढून गेली. नकाशानं दरड थांबली नसती, हे मला कळतं. पण डोंगरात अशा वाड्या अजून किती आहेत, कुठली तीव्र उताराखाली आहे, कुठल्या वाडीला उतरायला दुसरी वाट आहे, हे तालुक्याच्या कचेरीत भिंतीवर दिसायला हवं. वीज गेलेली असताना, टॉवर बंद असताना दिसायला हवं.

पूर्वी यात सुरक्षेची अडचण होती. किनाऱ्यापासून सुमारे 80 किलोमीटरच्या पट्ट्यातल्या तपशीलवार टोपोशीट सामान्य माणसाला मिळत नसत, म्हणजे अख्खं कोकण आणि घाटमाथ्याचा मोठा भाग त्यात अडकलेला. 2005 च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानं लोकांसाठी खुली नकाशामालिका वेगळी केली. फेब्रुवारी 2021 मध्ये केंद्रानं भारतीय व्यक्ती आणि संस्थांना नकाशे बनवायला आणि छापायला पूर्वपरवानगीची अटही काढून टाकली. ड्रोननं गावठाण मोजण्याचा प्रयोग आपल्याच राज्यानं पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत केला होता. पुढं 2020 मध्ये देशभर स्वामित्व योजना आली. पण ती मोजणी गावठाणापुरती आहे. घरं मोजली गेली, शिवार आणि डोंगर राहिले. ब्रिटनमध्ये 1:25,000 प्रमाणाचा नकाशा पुस्तकांच्या दुकानात कुणालाही मिळतो आणि त्यात शेतांमधून जाणारी सार्वजनिक पायवाटही दाखवलेली असते. आपल्याकडे ती पायवाट गाव नकाशात आहेच, फक्त दप्तरात बंद आहे.

म्हणून माझी मागणी अशी. राज्यातल्या 358 तालुक्यांचे 1:25,000 प्रमाणाचे नकाशे काढावेत. त्यात सर्वेक्षण विभागाचे कंटूर आणि ओढे घ्यावेत, त्यावर गावांच्या शिवा, पाणंदी, शिवरस्ते, गायरानं आणि वनहद्दी टाकाव्यात. या प्रमाणात प्रत्येक गट नंबर मावणार नाही, तो हट्ट धरू नये; त्यासाठी गाव नकाशा आहेच. सगळी नावं देवनागरीत हवीत. छपाईआधी कच्ची प्रत ग्रामसभेत लावून ठाकरवाड्या, धनगरवाडे, झरे, खिंडी आणि देवराया यांची नावं गावाकडून तपासून घ्यावीत. एक प्रत प्रत्येक ग्रामपंचायतीत, एक शाळेत. बाकीच्या प्रती तहसील कचेरीत छपाईच्या खर्चात विकाव्यात, आधार कार्ड आणि अर्जाच्या फेऱ्यांविना. कागद मात्र जाड आणि ओलावा सोसणारा असावा.

सुरुवातीला सगळं राज्य घेऊ नका. घाटमाथ्याचा एक तालुका घ्या, कोकणातला एक आणि गडचिरोलीतला एक, आणि पुढच्या पावसाळ्याआधी त्यांचे नकाशे ग्रामपंचायतींच्या हाती द्या. ग्रामसभेत नावं तपासायच्या कामाला आमच्या भागातले कार्यकर्ते विनामोबदला येतील, हे मी त्यांना विचारूनच लिहितो आहे.

आपला,
एक पाणलोट कार्यकर्ता