उंच केलेल्या पिकअपचे काम शॉकॲब्झॉर्बर बसवून संपत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिंडोरी, निफाड, त्र्यंबकेश्वर आणि पेठ या तालुक्यांत बागायतदारांकडे चारही चाकांना ताकद देणाऱ्या, दोन ओळींच्या केबिनच्या पिकअप गाड्या आता बऱ्याच दिसतात आणि त्यांपैकी अनेक गाड्या मूळ उंचीपेक्षा दोन इंचांनी उचलून घेतलेल्या असतात. मीही माझी गाडी दोन वर्षांपूर्वी अशी उचलून घेतली. त्या कामात माझ्या हातून आणि ते काम करणाऱ्या कार्यशाळेच्या हातून ज्या चुका झाल्या, त्यांमुळे माझा खर्च तर झालाच, पण रस्त्यावरच्या इतर माणसांच्या जिवालाही काही महिने धोका राहिला. शेजारचे तरुण शेतकरी माझ्याकडे चौकशीला येतात तेव्हा गाडी उंच करण्याच्या सुट्या भागांचा संच, म्हणजे किट, कोणत्या कंपनीचे घ्यावे आणि किती इंच उचलावे, एवढेच विचारतात; बसवल्यानंतर काय काय जुळवून घ्यावे लागते हे कोणी विचारत नाही. म्हणून हे पत्र.

गाडी उंच करण्याची गरज खरी आहे, हे आधी नमूद करतो. आमच्या शिवारातली पाणंद पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलाने भरते, चाकोऱ्या खोल होतात आणि मधला उंचवटा गाडीच्या पोटाला घासतो. ओहोळ ओलांडताना पुढचा बंपर आधी टेकत असे. त्यामुळे ज्याला ही कामे रोज आहेत त्याने दोन इंच उंची मागितली, तर तो हौस म्हणून मागतो असे कोणी समजू नये.

मात्र शॉकॲब्झॉर्बर गाडीचे वजन पेलत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. वजन पेलते ती स्प्रिंग. शॉकॲब्झॉर्बर त्या स्प्रिंगचे हेलकावे आवरतो. पुढच्या चाकांशी स्प्रिंग आणि शॉकॲब्झॉर्बर एकात एक बसवलेले असतात, म्हणून शॉकॲब्झॉर्बर बदलून गाडी उंच झाली असे वाटते. काही शॉकॲब्झॉर्बरच्या नळीवर एकावर एक खाचा असतात, आणि ज्या खाचेत कडी बसवावी त्या उंचीवर स्प्रिंगची खालची बैठक येते. स्प्रिंग आर्मच्या, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणाऱ्या हाताच्या, मध्याजवळ टेकते आणि चाक आर्मच्या टोकाशी असते. त्यामुळे बैठक अर्धा इंच वर घेतली की गाडी साधारण एक इंच उचलली जाते. हा हिशेब लक्षात न घेता ‘दोन इंच हवे’ म्हणून बैठकच दोन इंच वर घेतली, तर वरचा बॉल जॉइंट (आर्म आणि चाक यांच्यातला गोळ्याचा सांधा) आणि चाकाकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचे सांधे अशा कोनात जातात, की त्यांचे आयुष्य झपाट्याने घटते. शिवाय गाडी जितकी वर जाते तितकी चाकाला खाली उतरायला उरलेली जागा कमी होते, आणि खड्ड्यात चाक मोकळे सुटले की शॉकॲब्झॉर्बर पूर्ण ताणला जाऊन टणक ठोका बसतो. बैठक वर घेतल्याने स्प्रिंग ‘कडक’ होते हाही गैरसमज आहे. एकसारख्या वेढ्यांच्या स्प्रिंगचा कडकपणा तेवढाच राहतो. हौद्यात किंवा पुढे कायमचे वजन वाढवायचे असेल, तर त्या वजनाला साजेशी दुसरी स्प्रिंगच घ्यावी लागते.

मागच्या चाकांशी स्प्रिंग म्हणून एकावर एक रचलेले पोलादी पाटे असतात. तिथे उंची वाढवायची तर पाट्यांचा संच बदलावा किंवा त्यात पाटा वाढवावा, हे बरे. ॲक्सल (दोन चाकांमधला आडवा दांडा) आणि पाटा यांच्यामध्ये नुसता ठोकळा घालणे स्वस्त पडते, पण जोर लावताना ॲक्सल पिळला जातो आणि पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा वाकतो. कोणताही मार्ग घेतला तरी पाटे ॲक्सलला आवळून धरणारे जुने यू-बोल्ट पुन्हा वापरू नयेत, कारण एकदा ताणून आवळलेला यू-बोल्ट तसाच ताण पुन्हा धरेल याची खात्री नसते. शॉकॲब्झॉर्बरही वाढलेल्या उंचीच्या मापाचाच हवा. मूळ आखूड शॉकॲब्झॉर्बर ठेवला, तर चाक खाली लोंबताना त्यालाच सगळा झटका सोसावा लागतो आणि त्याचे सील फुटते.

आता माझ्या गाडीचे सांगतो. काम अर्ध्या दिवसात झाले आणि मी खूश होऊन घरी आलो. काम सुरू करण्यापूर्वी चारही चाकांशी उंची मोजायला हवी होती, ती कोणीच मोजली नव्हती. हे माप जमिनीपासून न घेता चाकाच्या मध्यबिंदूपासून मडगार्डच्या कडेपर्यंत घ्यायचे असते, म्हणजे टायरमधील हवा कमीजास्त असली तरी माप बदलत नाही. पुढे दुसऱ्या एका जाणत्या मिस्त्रींनी माप घेतले तेव्हा पुढची डावी बाजू उजवीपेक्षा १५ मिलिमीटरने उंच निघाली. किटमधील दोन स्प्रिंगांवर डाव्या-उजव्या बाजूच्या खुणा होत्या, कारण चालकाच्या बाजूला भार अधिक असतो. त्या खुणा न पाहता स्प्रिंगा उलटसुलट बसल्या होत्या.

त्यांनीच दुसरी चूकही दाखवली, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. खालच्या आर्मचे बोल्ट गाडी वर टांगलेली असतानाच पूर्ण आवळले होते. आर्मच्या सांध्यातल्या रबरी नळीचे, म्हणजे बुशचे, रबर ज्या स्थितीत आवळले जाते, ती स्थिती त्याची विश्रांतीची स्थिती होते. गाडी खाली उतरवताच ते रबर पिळले जाते आणि मग कायम पिळलेलेच राहते. ते लवकर फाटते, आणि तोपर्यंत गाडीची उंचीही खोटी दाखवते. योग्य पद्धत अशी, की बोल्ट आधी नुसते धरते करावेत, गाडी चाकांवर उभी करावी, थोडी पुढेमागे हलवून बसू द्यावी आणि मगच टॉर्क पान्याने (किती जोराने आवळले हे दाखवणाऱ्या पान्याने) उत्पादकाने सांगितलेल्या मापाला आवळावे. माझे बुश आठ महिन्यांत गेले. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये माणूस ठार होईल एवढी ताकद साठलेली असते, म्हणून स्प्रिंग दाबून काढण्या-बसवण्याचे काम घरी दोन सळ्या आणि नट घेऊन कोणी करू नये, हेही इथेच सांगून ठेवतो.

चाकांची अलाइनमेंट करून घ्या, असे बिलावर छापलेले होते, पण सांगितले कोणी नाही आणि मीही वाचले नाही. उंची वाढली की पुढच्या चाकांचा कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल), कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळते त्याचा पुढे-मागे कल) आणि टो (चाकांची तोंडे आत किंवा बाहेर वळलेली असणे) ही तिन्ही मापे हलतात. माझ्या गाडीचे स्टिअरिंग वळणानंतर स्वतःहून सरळ येईना आणि मुंबई-आग्रा महामार्गावर वेगात गाडी किंचित भरकटू लागली, ते कॅस्टर कमी झाल्यामुळे. आणि नव्या टायरच्या बाहेरच्या कडा गुळगुळीत झाल्या, त्या कॅम्बर आणि टो यांच्यामुळे. केवळ टो जुळवून देणे म्हणजे अलाइनमेंट नव्हे. मूळ वरच्या आर्मने कॅस्टर परत मिळत नसेल, तर वेगळा वरचा आर्म बसवावा लागतो, आणि हा खर्च किटच्या किमतीबरोबरच ग्राहकाला सांगितला पाहिजे.

सर्वांत गंभीर बाब ब्रेकची. अनेक पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलपासून चेसिसवरच्या एका व्हॉल्व्हपर्यंत बारीक दांडी गेलेली असते. हौद्यात माल भरला की गाडीची मागची बाजू बसते, दांडी हलते, आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. गाडी रिकामी असली की तो दाब कमी होतो, म्हणजे मागची चाके अडकून घसरत नाहीत. आपण मागून गाडी दोन इंच उचलली, तर त्या व्हॉल्व्हला गाडी कायम रिकामीच भासते. एके दिवशी माझ्या हौद्यात २० किलोचे टोमॅटोचे ३० क्रेट, म्हणजे ६०० किलो माल होता आणि मी वाशीच्या बाजाराला निघालो होतो. कसारा घाट उतरताना ब्रेक दाबला की गाडीचे नाक खाली दबे, थांबायला नेहमीपेक्षा जास्त अंतर लागे, आणि पायथ्याशी थांबलो तेव्हा पुढच्या चाकांमधून जळका वास येत होता. मागचे ब्रेक आपला वाटा उचलतच नव्हते. दांडीच्या टोकाला योग्य मापाची पट्टी बसवून आणि व्हॉल्व्ह पुन्हा जुळवून हा दोष दूर झाला. काम थोडक्यात झाले. पण ते न होता त्या घाटातून मी किती फेऱ्या केल्या, हे आठवले की आजही मन अस्वस्थ होते. ब्रेकचे रबरी पाइप आणि चाकाजवळच्या सेन्सरची वायर चाक पूर्ण खाली लोंबल्यावर ताणली जाते का, हेही त्याच वेळी पाहायचे असते.

त्यानंतर दिवे. उत्पादक पिकअपची मागची बाजू मुद्दाम थोडी उंच ठेवतो, कारण माल भरल्यावर ती खाली येणारच असते. गाडी सपाट दिसावी म्हणून फक्त पुढून उचलली, आणि मग मागे माल भरला, तर नाक आभाळाकडे होते आणि दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. दिंडोरी रस्त्यावर एका रात्री समोरून येणारे दुचाकीवरचे पती-पत्नी माझ्या दिव्यांनी दिपून थेट साइडपट्टीवर उतरले आणि कसेबसे सावरले. मी थांबून त्यांची क्षमा मागितली. दुसऱ्याच दिवशी दिव्यांचा झोत खाली जुळवून घेतला. प्रत्येक दिव्यामागे त्यासाठी स्क्रू असतो.

ज्या शॉकॲब्झॉर्बरना कडकपणा कमीजास्त करणारी घुंडी असते, त्यांच्याविषयी एक अनुभव. माझ्या मागच्या दोन्ही घुंड्या कार्यशाळेने शेवटपर्यंत घट्ट फिरवून दिल्या होत्या, कारण ‘माल वाहायचा आहे’. रिकामी गाडी खडबडीत रस्त्यावर उड्या मारू लागली आणि माल भरल्यावर वरच्या थरातले टोमॅटो गिरणारे गावच्या बाजारात पोहोचेपर्यंत दबू लागले. फार घट्ट केलेला शॉकॲब्झॉर्बर दाबल्यावर लवकर उघडत नाही. पुढचा खड्डा येईपर्यंत चाक वरच राहते आणि प्रत्येक खड्ड्यागणिक गाडी आणखी बसत जाते. आता मी टायरमधील हवा बरोबर करून, घुंडी सर्वांत सैल ठेवून, घरापासूनच्या एकाच चार किलोमीटरच्या रस्त्यावर गाडी चालवतो आणि एका वेळी दोनच टप्पे वाढवतो. गतिरोधकावरून उतरल्यावर गाडी एकदा हलून स्थिर झाली, की तिथे थांबतो. रिकाम्या गाडीचे आणि भरलेल्या गाडीचे आकडे वेगळे आले. ते वहीत लिहून ठेवले आहेत.

कायद्याची बाजूही दुर्लक्षिण्यासारखी नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात नमूद असलेल्या तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येत नाहीत, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. किट विकत घेण्यापूर्वी नाशिकच्या पेठ रोडवरील प्रादेशिक परिवहन कार्यालयात आणि आपल्या विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी. मी ती नंतर केली. आधी करायला हवी होती.

नाशिक शहरातील द्वारका, मुंबई नाका आणि अंबड परिसरातील कार्यशाळांना माझी विनंती आहे, की गाडी परत देताना ग्राहकाच्या हातात एक कागद द्यावा. त्यावर चारही चाकांची आधीची आणि नंतरची उंची, अलाइनमेंटची तिन्ही मापे, ब्रेकच्या व्हॉल्व्हची स्थिती, दिवे जुळवल्याची नोंद आणि ५०० किलोमीटरनंतर सर्व बोल्ट व यू-बोल्ट पुन्हा तपासण्याची तारीख असावी. ग्राहकांनीही हा कागद मिळाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. माझ्या गाडीचा असा कागद दुसऱ्या मिस्त्रींनी हाताने लिहून दिला, तो मी गाडीच्या कप्प्यात ठेवतो आणि विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला आधी तो वाचायला देतो.

आपला नम्र,
एक द्राक्ष व टोमॅटो उत्पादक,
ता. दिंडोरी, जि. नाशिक