आईच्या कानातल्या कॉक्लिअर इम्प्लांटबद्दल

ती. आई-बाबा,
सा. न.

आई, आधी चेहऱ्याबद्दल लिहिते, कारण तू घाबरशील ती तिथेच. तुझ्या कानाच्या आजारात, ऑटोस्क्लेरोसिसमध्ये, कॉक्लिआभोवतीचं (आतल्या कानातल्या शंखाभोवतीचं) टणक हाड स्पंजासारखं होतं. कॉक्लिआत घातलेल्या इम्प्लांटच्या तारेवर इलेक्ट्रोड असतात, त्यांचा करंट त्या हाडातून पसरून शेजारच्या चेहऱ्याच्या नसेपर्यंत पोचू शकतो. मग आवाज झाला की डोळ्याखाली नाहीतर ओठाच्या कोपऱ्यात फडफडतं. स्विच-ऑनलाच, म्हणजे इम्प्लांट पहिल्यांदा सुरू करतानाच, होईल असं नाही, काही वर्षांनीही होतं. ऑपरेशन बिघडलं असं समजून प्रोसेसर (कानाबाहेर लावायचं यंत्र) कपाटात ठेवू नकोस. कुठे फडफडतं, कुठल्या आवाजाला, हे ऑडिओलॉजिस्टला नेमकं सांग. ती एकेक इलेक्ट्रोड तपासून त्रास देणारा बंद करते, किंवा करंट कमी करून पल्स, म्हणजे करंटचा प्रत्येक ठोका, रुंद करते. बावीसपैकी दोन-तीन बंद झाले तरी बहुधा बोलणं समजायला अडत नाही.

बाबा, सर्जनना एवढं विचाराच: राउंड विंडोपाशी (जिथून तार आत घालतात त्या छोट्या खिडकीपाशी), कॉक्लिआच्या पहिल्या वेढ्यात हाड वाढलंय का? वाढलं असेल तर ड्रिलने वाट करावी लागते, आणि कधीकधी तार पूर्ण आत जात नाही. हाड सीटीत दिसतं, आतल्या पोकळीत द्रव आहे का ते एमआरआयमध्ये. म्हणून दोन्ही करा. एमआरआयच्या आधी आईच्या कानात आधीच्या ऑपरेशनमध्ये बसवलेल्या जुन्या पिस्टनचं (कानातल्या छोट्या हाडाच्या जागी बसवतात तो) तिथे सांगा. न्यूमोकोकसची लस ऑपरेशनच्या निदान दोन आठवडे आधी व्हायला हवी. इम्प्लांटमुळे मेनिंजायटिसचा (मेंदूच्या आवरणाच्या संसर्गाचा) धोका असतो, इथे चालढकल नको.

स्विच-ऑन साधारण दोन ते चार आठवड्यांनी. सुरुवातीला आवाज चिरका, यांत्रिक वाटेल. मेंदूला सवय व्हायला महिने लागतात आणि ती सरावानेच होते. बाबा, तोंडासमोर पेपर धरून पुण्यातली ठिकाणं म्हणा, आईने ओठ न बघता ती परत म्हणायची. आधी लांबीने वेगळी: स्वारगेट, शिवाजीनगर, औंध. ती जमली की जवळची: खडकी, खराडी. चुकली तर ओरडू नका, शब्द वाक्यात घालून सांगा. रोज अर्धा तास, पंखा नि टीव्ही बंद करून. तुमचं बोलणं तिला पुन्हा कळावं, यासाठी माझा जीव तुटतो.

पावसाळ्यात प्रोसेसर रात्री सिलिका जेलच्या डब्यात ठेवा. झिंक-एअर सेल असतील तर आधी काढा, डब्यात ते सुकतात. इम्प्लांटचं कार्ड आईच्या पर्समध्येच राहू दे. पुढे कुठलंही ऑपरेशन किंवा एमआरआय करायचा झाला तर आधी ते दाखवायचं.

तुमची लेक